मामींच्या पाठीखालची पंगत

आमच्या घरमालकांच्या मते जगात हळू फिरणारा पंखा नावाची वस्तूच नव्हती. माझ्या खोलीतला पंखा हळू फिरतो अशी तक्रार घेऊन मी पहिल्याच आठवड्यात खाली गेले. उघड्या अंगाने, वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेल्या या गृहस्थांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "हळू नाहीं फिरत तो. जोरांत फिरतो, बंद होतो. जोरांत फिरतो, बंद होतो. तुला हळू दिसतें."

"मला उकडतंय," मी म्हटलं.

"तें खरें," ते म्हणाले, आणि मांडीवरच्या उघड्या सर्किटवरचं एक बटण त्यांनी पिळलं. वर माझ्या खोलीत पंखा भणाणला. तो आवाज मला खाली ऐकू आला आणि मी बघतच राहिले. म्हणजे खोली माझी, पंखा माझ्या डोक्यावर, आणि त्याचा कान यांच्या मांडीवर! सोलापुरात कुणी असं केलं असतं तर गल्ली गोळा झाली असती.

मी मूळची सोलापूरची. तंजावूरला आले ती मोडीतली जुनी कागदपत्रं वाचायच्या कामासाठी, आणि राजवाड्यामागच्या गल्लीत, आमच्यासारखंच आडनाव लावणाऱ्या पण कित्येक पिढ्या तिथंच वाढलेल्या या कुटुंबाच्या माडीवर राहिले. सगळी गल्ली त्यांना मामा-मामी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं मराठी ऐकून मला पहिले काही दिवस हसू यायचं आणि नंतर हसल्याची लाज वाटायची. "कोठें" आणि "तें" असे शब्द माझ्या पणजीबरोबर गेले असं मी समजत होते, आणि इथं ते सकाळी दूधवाल्याच्या तमिळमध्ये मिसळून अंगणभर हिंडत होते. मला दोघंही "अम्मा" म्हणत. मी त्यांच्या निम्म्या वयाची असेन, पण तिकडची रीतच तशी.

मामा पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. अंगाने पापड. कपाळावर अंगाऱ्याची उभी रेघ, कानामागे पेन्सिल, आणि बोटांना कायम कुठेतरी डागलेलं. घराच्या मधल्या खोलीत हिंगाचा आणि सोल्डरचा वास एकत्र यायचा. आजही कुठे सांबाराला फोडणी बसली की मला हटकून वितळलेल्या शिशाची आठवण येते.

त्या पंख्याचं गौडबंगाल त्यांनी मला दुसऱ्या दिवशी उलगडून सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण मामांना श्रोता विचारणारा लागत नसे, नुसता बसलेला लागे. म्हणाले, वीज अर्धी द्यायला गेलं तर देणारा तापतो. उरलेली अर्धी त्याच्या अंगात जिरते ना! म्हणून अर्धी द्यायचीच नाही. पूर्ण द्यायची, पूर्ण काढून घ्यायची, आणि हे इतक्या लवकर लवकर करायचं की पंख्याला दम घ्यायला फुरसत नको. जास्त वेळ दिली, कमी वेळ काढली, तर पंखा जोरात. उलट केलं तर हळू. हे देणं-काढणं करणारी नखाएवढी चिप असते, तिला पाय असतात, आणि एकेका पायातून असा एकेक ठोका निघतो.

"मग माणसानेही तसंच वागायचं का?" मी थट्टेने विचारलं.

"माणूस तसाच असतो," मामा म्हणाले. "मध्यम कोण आहे दाखव."

ते स्वतः तर नव्हतेच. कॉफी घ्यायचे तर काठोकाठ टंबलर, नाहीतर दोन-दोन दिवस नाव नाही. बोलायला बसले की दुपारची संध्याकाळ व्हायची, आणि मग अचानक मौन. हाक मारली तरी हूं नाही. फोन उचलला की "हॅलो" न म्हणता सगळं सांगून टाकायचे आणि पलीकडच्याने तोंड उघडायच्या आत ठेवून द्यायचे. त्यांच्या पुण्याच्या भाच्याला बरीच वर्षं वाटत होतं की मामांच्या फोनला ऐकायचं यंत्रच नाही.

मामी अगदी उलट. त्यांचा आवडता शब्द "कोंजम", म्हणजे थोडंसं. थोडं तूप, थोडी झोप, थोडं गाणं. गोऱ्या, गोल, बुटक्या, आणि कान असा तयार की भाजी चिरता चिरता शेजारच्या घरातल्या शिकवणीचा सूर सुधारायच्या. खालीही मामांनी असाच एक पंखा लावला होता, त्यातून एक बारीक किणकिण यायची, ती तुम्हा-आम्हाला कळलीही नसती. मामींना कळली.

"अहो, हा पंखा षड्जाच्या किंचित खालीं गातो. कानांत टोचतें."

झालं! मामांनी चार दिवस त्या ठोक्यांचा वेग कमी-जास्त करून पंखा मामींच्या तंबोऱ्याला मिळवून दिला. मामी खूश होऊन पंख्याखाली गायला बसल्या, आणि मधेच वीज गेली. पंख्याबरोबर श्रुतीही गेली. "असला साथीदार नको," म्हणाल्या. मग मामांनी वेग इतका चढवला की तो आवाज माणसाला ऐकूच येईना. घरात शांतता झाली. त्या दिवसापासून समोरच्या घरातलं कुत्रं आमच्या पंख्याकडे तोंड करून भुंकायला लागलं. मामांनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली. म्हणाले, "त्याला तरी समजतें."

असं चाललं होतं. आणि मग मामी मागच्या अंगणात घसरून पडल्या.

खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरी आल्या, पण उठता येईना. त्यात मधुमेह. पाठीवर पडून पडून माकडहाडावर एक जखम झाली. आधी नुसती लाल, मग उघडी. ड्रेसिंगला एक सिस्टर स्कूटीवरून यायची, उंच, काळीसावळी, आवाज खणखणीत. ती तमिळमध्ये मामांना रागवायची आणि मामा विद्यार्थ्यासारखे ऐकून घ्यायचे. तिने आणि डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. एका जागी भार नको. भार राहिला तर जखम भरणार नाही, आणि भरली नाही तर तिरुचीला नेऊन तिथे दुसऱ्या जागचं मांस लावावं लागेल. मामींची साखर आणि छाती बघता डॉक्टरांनाही ते नको होतं. मामी तर म्हणाल्या, "मला या घरांतून हलवूं नका. गेलें तर परत येणार नाहीं मी."

मामा म्हणजे एवढा सगळं उघडून, उसकटून बघणारा माणूस, पण सिस्टरने पट्टी सोडायला घेतली की उठून ओसरीवर जायचा. त्यांना ती जखम बघवत नव्हती. एकदा मला म्हणाले, "तूं बघून ये आणि किती मोठी आहे तें सांग." मी बघितली आणि खोटं सांगितलं. काय करणार?

बाजारात हवेची गादी मिळते. आडव्या नळ्या असतात, एक सोडून एक फुगतात, मग त्या बसतात आणि दुसऱ्या फुगतात. ती आणली. मामींना ती बोटीत बसल्यासारखी लागायची. मळमळ सुटायची, आणि तिचा पंप पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. दोन दिवसांनी हात जोडून म्हणाल्या, "पोदुम, पुरे. जखम परवडली."

मामांनी ती गादी मधल्या खोलीत नेली आणि कात्रीने उघडली. मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर मला उत्सुकताही होती. कामावरून आले की मी वर न जाता सरळ त्या खोलीत जाऊन बसायची.

त्यांची योजना अशी होती. गादीच्या मोठ्या आडव्या नळ्या आठ. प्रत्येक नळीला स्वतंत्र चिमुकला पंप, रक्तदाब मोजायच्या टाकून दिलेल्या यंत्रांतून काढलेला. प्रत्येक नळीला मुद्दाम पाडलेलं सुईच्या टोकाएवढं भोक. म्हणजे हवा सतत थोडी जात राहणार आणि पंप सतत थोडी देत राहणार. पंप जोरात चालवला तर नळी टणक, हळू चालवला तर मऊ. आणि हा जोर एका नळीकडून दुसरीकडे इतका सावकाश सरकवायचा की वर झोपलेल्या माणसाला काही कळूच नये, फक्त भार जागा बदलत राहावा. बोट नाही, मळमळ नाही, गिरणी नाही.

अडचण एकच होती. त्या चिपला असे ठोके देणारे हुकमी पाय होते थोडे आणि पंप होते आठ. बाकीच्या पायांना प्रोग्रॅम लिहून कामाला लावावं लागणार होतं. जास्त पायांची चिप मिळते, मी म्हटलं, मागवा की. मामा दुखावले. जे हातात आहे त्यातून आठ जण जेवले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

जेवले, हा शब्द त्यांनी उगीच वापरला नव्हता. त्यांनी जमिनीवर खडूने आठ रेघा काढल्या, सगळ्या एकाच जागी सुरू होणाऱ्या आणि वेगवेगळ्या जागी संपणाऱ्या. "पंगत," म्हणाले. "थोरल्यांनीं आपोष्णी घेतली कीं सगळ्यांचे हात एकदम पानाकडे. ज्याचें पोट लहान तो लवकर थांबतो, ज्याचें मोठें तो शेवटपर्यंत जेवतो. मग पुन्हां सगळे एकदम." म्हणजे ठोका सगळ्या पंपांना एकाच क्षणी मिळणार, काढून मात्र ज्याचा त्याचा वेगळ्या क्षणी घेणार. आणि हे सेकंदात शेकडो वेळा. मला ते फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादा प्रोग्रॅम समजला होता.

पंगत म्हटल्यावर त्यांनी पंपांना नावंही दिली. चिठ्ठ्या लिहिल्या मराठी, पण तमिळ अक्षरांत, कारण नागरी त्यांना वाचता येत नव्हती. मला तमिळ येत नव्हतं. तेव्हा मामांनी बोट ठेवून वाचायचं आणि मी मान डोलवायची. डोक्याकडचा पंप थोरले काका, मग धाकटे काका, मग कुणी अप्पा, कुणी तात्या, अशी त्यांच्या लहानपणच्या पंगतीत बसणारी सगळी मंडळी. घरात मग असे संवाद ऐकू येऊ लागले:

"धाकटे काका गळतात."

"तात्या तापले, जरा थांबव."

"आत्याबाई फुगत नाहींत."

आत्याबाई नेमक्या कंबरेखाली आल्या होत्या, जखमेच्या जागी. मामींच्या हे लक्षात आलं तेव्हा त्या पडल्या पडल्या कडाडल्या, "अहो! तुमच्या आत्यानें जन्मभर मला टोचलें, आतां पाठीखालींही तीच कां?" मामांनी निमूटपणे चिठ्ठी सोडवली आणि तिथे मामींच्या आईचं नाव लावलं. पंप तोच.

टेबलावर सगळं सुरेख चाललं. मग मामा स्वतः गादीवर झोपले, आणि झोपूनच गेले. अर्ध्या तासाने उठून म्हणाले, "स्वर्ग." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी, सिस्टर धरून, मामींना त्या गादीवर ठेवलं. हिरवा दिवा लागला, पंप हळू आवाजात सुरू झाले. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि दिवसभर तिथून हलले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू नातवाचं बारसं आहे. मामी डोळे मिटून पडल्या होत्या. मी कामावर गेले.

संध्याकाळी सिस्टर आली, तिने मामींना कुशीवर केलं आणि किंचाळली.

कंबरेखालच्या नळ्या रिकाम्या होत्या. सपाट. मामी दिवसभर, नेमक्या त्या जागी, खालच्या फळीवर पडून होत्या. पट्टी ओली झाली होती. सिस्टर जे बोलली त्यातलं निम्मं मला कळलं नाही आणि ते बरंच झालं. मामा ओसरीवरही गेले नाहीत. तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले.

काय झालं होतं ते त्यांनी त्याच संध्याकाळी शोधलं. मामींच्या वजनाखाली पंपांना जोर जास्त लागत होता. चिप सुरू होताना एकेका पंपाला पंगतीत घ्यायची, आणि कंबरेखालचे पंप सामील होऊन सगळ्यांनी एकदम ओढ घेतली की वीज क्षणभर बसायची, चिप दचकून बंद पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पहिल्यापासून म्हणजे थोरल्या काकांपासून. दिवसभर थोरले काका पुन्हा पुन्हा जेवत राहिले आणि शेवटच्या पानांपर्यंत काही पोचलंच नाही. हिरवा दिवा मात्र प्रत्येक वेळी नव्याने लागत होता.

का होतंय ते कळलं, पण थांबवायचं कसं ते कळेना. डॉक्टर आले, जखम बघितली. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर तिरुची. मामींना पुन्हा साध्या गादीवर घेतलं. ठरावीक वेळाने मी आणि मामा त्यांना कुशीवर वळवायचो आणि त्या दात आवळून "कोंजम, कोंजम" म्हणायच्या.

मामांचं बोलणं संपलं. त्यांनी वीज देणारा डबा बदलला, जाड वायर लावली, चिप बदलली. टेबलावर चालायचं आणि भार टाकला की धाडकन बंद. भार म्हणून आधी तांदळाची पोती ठेवली. मग एक दिवस ते दाराशी येऊन उभे राहिले आणि अत्यंत संकोचाने म्हणाले, "अम्मा, तूं जरा झोपशील कां?"

मी अंगाने भरलेली आहे. मामींच्या वजनाच्या जवळ जाणारी त्या घरात मी एकटीच. राग यायला हवा होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघून आला नाही. पुढचा आठवडाभर मी मोबाईलवर मोडीचे फोटो वाचत त्या गादीवर पडून असायची आणि पाठीखालून एकेक नळी बसल्याचं ओरडून सांगायची. "अप्पा गेले. तात्या गेले." पलीकडच्या खोलीतून मामी हसायच्या. मामा हसत नव्हते. डबा बदलून झाला, वायर बदलून झाली, पण ते खडूचं चित्र पुसावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. पंगत एकदमच सुरू होते, त्यात तपासायचं काय?

त्या सुमारास त्यांच्या कुळदेवाची समाराधना आली. ही दरवर्षी ओरत्तनाडूच्या पलीकडे, त्यांच्या चुलतभावाच्या गावी व्हायची. पूजा आणि मग सगळ्या भावकीची मोठी पंगत. मामा म्हणाले, मी जाणार नाही. मामींनी झापलं. "कुळधर्म आहे. सिस्टर दिवसभर थांबते म्हणाली. घरांत भुतासारखे फिरण्यापेक्षां जा. अम्मा, तूंही जा, नाहींतर हे मधल्याच थांब्यावर उतरतील."

गेलो. बस कालव्याच्या कडेकडेने, दोन्ही बाजूंना गुडघाभर भात. मामा खिडकीशी बसून डोळे मिटून ओठांनी काहीतरी मोजत होते.

त्या घरी एकच गोंधळ होता. दरवर्षी वाढणं मामींच्या हातात असायचं. कुठे काय कधी न्यायचं ते सगळं त्या बघायच्या, आणि यंदा त्या नव्हत्या. माणसं बसली होती भरपूर आणि वाढायला हात कमी. मामा नेहमीप्रमाणे आपल्या जागी, वरच्या अंगाला बसायला निघाले, तर त्या घरच्या वहिनींनी त्यांच्या हातात रसमची बादली दिली.

"मी?" मामा म्हणाले.

"तुम्हीच. चला चला, भात वाढून झाला."

या माणसाने जन्मात कुणाला काही वाढलं नव्हतं. बादली धरून ते पंगतीच्या टोकाला उभे राहिले आणि लांबवर बसलेल्या सगळ्यांकडे बघत राहिले. मला वाटतं, सगळ्यांना एकदम कसं वाढायचं याचा ते खरोखरच विचार करत होते. आतून कुणीतरी ओरडलं, तेव्हा कुठे वाकले. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं. कमरेतून वाकत, पळी सांभाळत, घामाने निथळत ते त्या टोकाला पोचतात न पोचतात तोच या टोकाच्या म्हाताऱ्याने हात वर केला, "राव, इकडे रसम!" त्याचा भात केव्हाच संपला होता. आणि त्या टोकाचा माणूस आत्ता कुठे पहिला घास कालवत होता.

मामा मधल्या मध्ये थांबले. पळी भरलेली, खाली एका जाड्या गृहस्थाचं पान. त्यांनी या टोकाकडे बघितलं, त्या टोकाकडे बघितलं, बादलीत बघितलं. पळी कलली. रसम पानावरून वाहत त्या गृहस्थांच्या मांडीवर उतरलं.

"अय्यय्यो! राव! काय करतां!"

"बसतात एकदम," मामा त्यांना समजावून सांगितल्यासारखे म्हणाले. "वाढलें जातें एकेकाला! बादली एकच आहे ना? सगळ्यांनीं एकदम हात पुढें केले तर बादली कशी पुरेल?"

गृहस्थ उठून उभे राहिले आणि पंगतीत हलकल्लोळ झाला. मामांनी बादली माझ्या हातात दिली आणि सरळ रस्त्याकडे चालू लागले. त्यांच्या वतीने माफी मागायची, उरलेलं रसम वाढायचं आणि मग त्यांच्यामागे बसथांब्यापर्यंत धावायचं, एवढं सगळं मी केलं. पायसम तेवढं राहिलं. ते मला अजून खुपतं.

परतीच्या बसमध्ये ते पुढच्या सीटच्या पाठीवर बोटाने रेघा ओढत होते. आठ रेघा, पण आता जिन्यासारख्या, एक सुरू झाली की थोड्या अंतराने दुसरी, मग तिसरी. प्रत्येकाला त्याचं पोटभर मिळणार, फक्त प्रत्येकाच्या पानावर वाढपी वेगळ्या क्षणी पोचणार. दोघे-तिघे एका वेळी जेवत असले तरी चालतं, सगळे एकदम बादलीवर तुटून पडले नाहीत म्हणजे झालं. "मी जन्मभर पानावर बसलों, अम्मा," ते म्हणाले. "म्हणून मला एकदम दिसलें. ती वाढत होती. तिला विचारलें असतें तर तिनें बसल्या जागीं सांगितलें असतें."

घरी पोचल्यावर मामींनी विचारलं, "जेवलांत कां?"

"वाढलें," मामा म्हणाले.

"कोणी? तुम्ही?" आणि मामी इतक्या हसल्या की सिस्टरला येऊन त्यांना धरावं लागलं.

प्रोग्रॅममधल्या मोजक्याच ओळी बदलल्या. मी गादीवर जाऊन पडले. थोरले काका आले, धाकटे आले, अप्पा, तात्या, सगळे आले आणि कुणीही गेलं नाही. मी पडून राहिले आणि मला पाठीखाली काहीच कळेना. तेच तर हवं होतं. पूर्वी पंपांचा धबधब असा एक ठेका यायचा, तो जाऊन आता एकसारखा बारीक आवाज येत होता. पलीकडून मामी म्हणाल्या, "आतां हें ऐकवतें."

मामींना पुन्हा त्या गादीवर ठेवलं तेव्हा मात्र मामांनी दिव्याकडे बघितलं नाही. दर थोड्या वेळाने ते चादरीखाली हात घालायचे आणि तळवा उपडा करून नळ्या चाचपायचे, डोक्याकडून पायाकडे. झोपेतसुद्धा त्यांचा एक हात चादरीखालीच असायचा.

महिनाअखेर आली. डॉक्टर येणार होते. सिस्टर आधीच आली, मामींना भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळवलं आणि पट्टी सोडली. मामा ओसरीवर. तिने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि ओरडली, "सार! इंगे वांगो!" इकडे या.

"नको, नको," बाहेरून आवाज.

"तुम्ही बघितल्याशिवाय मी नवी पट्टी लावणार नाही," ती तमिळमध्ये म्हणाली.

"या कीं," मामी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "माझीच पाठ आहे. परक्याची नाहीं."

मामा आले. चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाकून बघितलं. जखम लाल-गुलाबी होती, स्वच्छ, कडांनी आत सरकत चाललेली. सिस्टरने बोट हवेत फिरवून दाखवलं, आधी इथून इथपर्यंत होती म्हणून. तिरुचीला न्यायला नको, एवढंच आपण डॉक्टरांना सांगणार, असंही म्हणाली. मामांनी जखमेशेजारी, चांगल्या कातडीवर, तळवा टेकला, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

मग म्हणाले, "त्या दिवशीं, नळ्या बसल्या, तेव्हां तुला कळलें होतें कां?"

"कळलें होतें."

"दिवसभर?"

"सकाळींच. हाड फळीला लागत होतें."

"मग बोललीस कां नाहीं?"

"तुम्ही शेजारीं खुर्ची घेऊन बसला होतां," मामी म्हणाल्या. "इतके खूश मीं तुम्हांला कधीं बघितलें नव्हतें. म्हटलें, बसूं दे थोडें."

मामांचा चेहरा मला दिसत होता, मामींना दिसत नव्हता. ते एवढंच म्हणाले, "आतां सांगायचें. दुखलें कीं दुखलें म्हणायचें. लगेच. माझ्याकडे बघायचें नाहीं."

"सेरि, बरें," मामी म्हणाल्या. "आतां दुखतें आहे. हात काढा."

मामांनी चटका बसल्यासारखा हात उचलला, आणि पलंगाची कड धरून, सिस्टरसमोर, माझ्यासमोर, ओक्साबोक्शी रडायला लागले.